टीम कोणाची?

गेल्या काही वर्षांत वैद्यकीय शिक्षणाच्या वर्तुळात एक शब्द फार लाडका झाला आहे. तो म्हणजे 'टीम'. परिसंवाद असो, कार्यशाळा असो की नव्या अभ्यासक्रमाची पुस्तिका असो. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, समाजसेविका या सगळ्यांनी विद्यार्थीदशेतच एकमेकांबरोबर शिकले पाहिजे, म्हणजे पुढे ते एकमेकांबरोबर नीट काम करतील, असे आता सगळेच म्हणू लागले आहेत. म्हणणे नवे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्येच अशा एकत्र शिक्षणाची शिफारस करणारा अहवाल काढला होता. २०१० मध्ये तिने त्यासाठी कृतीचा आराखडा दिला. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने, आरोग्याचे सगळे व्यवसाय आपापल्या टोळीत आणि आपापल्या भिंतीआड शिकतात, असा ठपका जगभरच्या शिक्षणसंस्थांवर ठेवला.

या कल्पनेला माझा विरोध नाही. नर्सिंगच्या मुलींना शिकवण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे. एकत्र शिकवा ही मागणी आम्ही सिस्टर ट्यूटर चहाच्या टेबलावर कधीपासून करत आलो आहोत. माझा आक्षेप वेगळा आहे. टीम म्हणताना त्या टीममधली सत्ता कोणाकडे आहे, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. सत्तेला हात न लावता शिकवलेले सहकार्य म्हणजे खालच्यांना जुळवून घ्यायला शिकवणे. आणि रुग्णालयात खालच्या म्हणजे बहुतेक बायाच.

मैत्रिणींनो, हे आपण आधी कुठे ऐकले आहे? एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना हेच म्हटले जाते. आमच्याकडे सगळे मिळूनमिसळून राहतात, सगळ्यांचे विचार घेतले जातात. मात्र सगळ्यात आधी उठते कोण, सगळ्यात शेवटी जेवते कोण, आणि घराचा निर्णय होताना स्वयंपाकघरात असते कोण, हे विचारायचे नाही. कुटुंबाला हे प्रश्न विचारायला आपण शिकलो. आता ते रुग्णालयाला विचारायची वेळ आहे.

पुस्तकातली टीम

आधी पुस्तक काय म्हणते ते पाहू. एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम २०१९ च्या तुकडीपासून लागू झाला. त्यात भारतीय डॉक्टरने पाच भूमिका निभावायच्या आहेत. त्यातली एक अशी : आरोग्यसेवेच्या टीमचा 'नेता आणि सदस्य'. क्रम लक्षात घ्या. आधी नेता, मग सदस्य. विशीतल्या मुलामुलींना वॉर्डात पहिले पाऊल टाकायच्या आधीच सांगून ठेवले आहे की नेतृत्व तुमचे आहे.

याच अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा एक भाग आहे. हा भाग आला ही चांगलीच गोष्ट झाली. त्यात दुसऱ्या वर्षी 'आरोग्यसेवेच्या टीममध्ये काम करणे' असा एक पाठ आहे. त्यातून विद्यार्थ्याला काय यायला हवे? तर 'बरोबरीच्या आणि वरिष्ठ' लोकांच्या टीममध्ये काम करता आले पाहिजे. बरोबरीचे म्हणजे सोबतचे डॉक्टर. वरिष्ठ म्हणजे त्याहून मोठे डॉक्टर. मग आम्ही कुठे? आम्हीही आहोत. रुग्ण, टीममधले सहकारी आणि वरिष्ठ यांच्याबरोबर 'इतर आरोग्य कर्मचाऱ्यां'शी आदराने वागावे, असेही त्यात लिहिले आहे. आम्ही 'इतर'. आमच्याबरोबर काम करायला शिकायचे नाही, आम्हाला आदर द्यायचा. घरातल्या बाईला देवी म्हणणाऱ्यांकडून असा आदर आपल्याला भरपूर मिळालेला आहे.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही टीम आहे. तिथे ती सूचनांचे पालन, सौजन्य, नम्र भाषा अशा रूपात येते. म्हणजे एकाच खेळाची दोन पुस्तके. एकाला कर्णधार व्हायला शिकवायचे आणि दुसरीला पाणी द्यायला.

एक विद्यापीठ, दोन फाटके

महाराष्ट्रात एकत्र शिकवायला अडचण काय आहे, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, इच्छा सोडून काही नाही. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी, सगळे एका विद्यापीठात आले. एका छपराखाली इतके व्यवसाय आणणारी व्यवस्था आपल्या हाती आहे. पण विद्यापीठ एक झाले म्हणून वर्ग एक झाला नाही. जीएनएम आणि एएनएम करणाऱ्या मुली तर या छपराच्याही बाहेर आहेत. वॉर्डातले आणि उपकेंद्रातले काम मात्र मोठ्या प्रमाणावर त्याच करतात. कायदेही वेगवेगळे. डॉक्टरांच्या शिक्षणासाठी २०१९ चा, तंत्रज्ञ आणि थेरपिस्टांसाठी २०२१ चा, नर्सिंग आणि सुईणकामासाठी २०२३ चा. प्रत्येकाचा आयोग स्वतंत्र. ज्याने त्याने आपले अंगण झाडायचे.

एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात जाऊन पाहा. मेडिकल कॉलेजची आणि नर्सिंग स्कूलची इमारत शेजारी शेजारी असते, पण फाटके दोन असतात. नर्सिंगची मुलगी सकाळी सातला वॉर्डात हजर असते. खाटा लावणे, ताप-नाडी-श्वासाचे तक्ते भरणे, रात्रीच्या सिस्टरकडून चार्ज घेणे. मेडिकलचे विद्यार्थी राउंडच्या वेळी सरांच्या मागून येतात. ते आले की या भिंतीला सरकून उभ्या राहतात. तीन-चार वर्षे एकाच रुग्णाच्या एकाच खाटेभोवती काढूनही या दोघांना एकमेकांची नावे माहीत नसतात. तिचे नाव 'सिस्टर'. तिच्या आधीच्या तुकडीतलीचेही तेच होते. संध्याकाळी हिच्या होस्टेलचे दार लवकर बंद होते, त्याच्या होस्टेलचे होत नाही. हाही अभ्यासक्रमच आहे, फक्त पुस्तिकेत छापलेला नाही.

आणि कोण कोणाला शिकवते? नर्सिंगच्या वर्गावर मेडिसिन, सर्जरी शिकवायला डॉक्टर येतात. मेडिकलच्या वर्गावर नर्स शिकवायला जात नाही. कागदावर जात नाही, असे म्हणते मी. प्रत्यक्षात काय होते? रात्री दोन वाजता नव्या इंटर्नला शीर सापडत नाही, तेव्हा हाताला धरून दाखवते ती वॉर्डातली जुनी सिस्टर. कॅथेटर कसा घालायचा, बाळंतिणीचे पोट कसे तपासायचे, चिडलेल्या नातेवाइकांशी काय बोलायचे, हे तिच्याकडूनच कळते. या शिकवण्याला तास नाही, मानधन नाही, पदनाम नाही. शिकवते ती, लॉगबुकवर सही सरांची. घरकामाला काम न मानण्याची जी रीत घरात चालते तीच इथे चालते.

ही उतरंड फक्त पदांची नाही. परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची म्हणून वरच्या जातींतल्या घरांनी कित्येक पिढ्या आपल्या मुलींना या पेशात पाठवले नाही. जिथे ख्रिस्ती, दलित, बहुजन आणि केरळातून आलेल्या मुली गेल्या, त्या पेशाला 'सेवा' म्हटले गेले. त्याखाली आयाबाई, त्याखाली सफाई कामगार. तिथे तर जात विचारावीही लागत नाही. आज मेडिकलच्या वर्गात मुली मोठ्या संख्येने आहेत याचा मला आनंद आहे. पण बाई डॉक्टर झाली म्हणून उतरंड मोडली, असे होत नाही. ती उतरंडीत एक पायरी वर चढते, इतकेच. आणि डॉक्टरांच्या आतही पायऱ्या आहेतच. डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टरने मे २०१९ मध्ये मुंबईत आत्महत्या केली. वरिष्ठ महिला डॉक्टरांनी केलेल्या जातीय छळाचा आरोप त्या प्रकरणात आहे. जिथे डॉक्टरच डॉक्टरला माणूस म्हणून वागवत नाही अशा आरोपांची दखल न्यायालयाला घ्यावी लागते, तिथे 'टीम स्पिरिट'चा एक तास घेऊन काय साधणार?

तिने सांगितले होते

यात कोणाला वाटेल, हा नर्सेसच्या मानापमानाचा प्रश्न आहे. तसे नाही. हा जिवाचा प्रश्न आहे.

अमेरिकेतले एक मानसोपचारतज्ज्ञ लिओनार्ड स्टाइन यांनी १९६७ मध्ये 'डॉक्टर-नर्सचा खेळ' असा एक लेख लिहिला. खेळ असा : नर्सने सल्ला द्यायचा, पण सल्ला दिला असे दिसू द्यायचे नाही. डॉक्टरने सल्ला घ्यायचा, पण घेतला असे दिसू द्यायचे नाही. आपल्याकडे हा खेळ रोज चालतो. 'सर, या बाईला इंजेक्शन द्यायला हवं' असे सिस्टर म्हणत नाही. ती म्हणते, 'सर, जरा बघता का? मला काही कळत नाही, पण...' तीस वर्षे लेबर रूममध्ये काढलेली बाई सहा महिन्यांच्या डॉक्टरला म्हणते, मला काही कळत नाही. नवऱ्याच्या गळी आपली कल्पना त्याचीच म्हणून उतरवणाऱ्या आपल्या आया-आज्या आठवा. तेच कौशल्य.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, अमेरिकेतच झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका अनोळखी माणसाने डॉक्टर म्हणून फोन करून नर्सला औषधाची डबीवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या दुप्पट मात्रा द्यायला सांगितले. २२ पैकी २१ जणी द्यायला निघाल्या. त्यांना वाटेतच थांबवण्यात आले. या बायका अडाणी नव्हत्या. त्यांचे शिक्षणच आज्ञापालनाचे झाले होते.

आता आपल्याकडचा एक प्रसंग सांगते. रुग्णालयाचे नाव सांगत नाही, कारण असे रुग्णालय एकच नाही. माझी एक तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी रात्रपाळीला बाळंतिणींच्या वॉर्डात होती. एक बावीस वर्षांची बाई, पहिलटकरीण, प्रसूती होऊन दोन तास झालेले. मुलीने पाहिले की पॅड भिजतायत, नाडी वाढतेय, पोटावर हात ठेवला तर गर्भाशय घट्ट लागत नाहीये. तिने जाऊन ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितले. ते सलग दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर होते, नुकतेच आडवे झाले होते. हेही सांगितले पाहिजे, कारण त्यांनाही ही व्यवस्था पिळूनच घेते. ते म्हणाले, 'एवढं ब्लीडिंग होतंच. बघत राहा.' वीस मिनिटांनी ती पुन्हा गेली. 'तू स्टुडंट आहेस ना? स्टाफ सिस्टरला पाठव.' स्टाफ सिस्टर एकटी, दोन वॉर्ड सांभाळत होती. तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा बाई पांढरीफटक पडली होती. जीव वाचला. गर्भाशय काढावे लागले.

चौकशी झाली. मुलीने तिन्ही वेळा नर्सेस नोट्समध्ये वेळ घालून नोंद केली होती. तरी खुलासा मागितला गेला तो तिच्याकडे. प्रश्न होता : डॉक्टरांना परिस्थितीचे गांभीर्य समजेल अशा भाषेत का सांगितले नाही? आणि उपाय म्हणून काय ठरले? नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी संवादकौशल्याची कार्यशाळा! निरोप कसा द्यावा, थोडक्यात कसे बोलावे, आवाज कसा ठेवावा. डॉक्टरांसाठी कसे ऐकावे याची कार्यशाळा झाली नाही.

मी 'टीम शिक्षणा'विषयी एवढी साशंक का आहे, याचे उत्तर या कार्यशाळेत आहे. सत्तेचा प्रश्न भाषेचा प्रश्न करून टाकायचा आणि तो पुन्हा बाईच्याच पदरात घालायचा. तुझं म्हणणं बरोबर होतं, पण तू नीट सांगितलं नाहीस. सासरी छळ होणाऱ्या किती जणींना आपण हे ऐकताना पाहिले आहे!

'शेवटी जबाबदारी डॉक्टरची'

यावर नेहमी येणारी उत्तरे मला पाठ आहेत. पहिले : शेवटी कायदेशीर जबाबदारी डॉक्टरची असते, म्हणून निर्णयही त्याचाच. ठीक. निदान आणि उपचाराचा निर्णय डॉक्टरने घ्यावा, मी त्याची खुर्ची मागत नाही. पण निर्णय घेणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. आणि वरच्या प्रसंगात खुलासा कोणाकडे मागितला गेला? जबाबदारी वर असते, मेमो मात्र खाली येतो.

दुसरे : आणीबाणीत एकाचाच हुकूम चालला पाहिजे. इथेही अनुभव उलटा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी सगळ्यांनी थांबून, आपले नाव व काम सांगून, मग यादीप्रमाणे खात्री करायची, अशी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने काढली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेले दिसले. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी हुकूम काढून १०१ रुग्णालयांत लावली, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. माझ्या मते यातून एवढेच दिसते की कागदावर खुणा करून टीम होत नाही. 'थांबा' म्हणायचा अधिकार टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला खरोखर असावा लागतो.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात १९८४ ते १९९५ या काळात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत वाजवीपेक्षा जास्त मुले दगावली. भूलतज्ज्ञ धोक्याची सूचना देत होता, त्याचे ऐकले गेले नाही. तो स्वतः डॉक्टर होता! २००१ च्या चौकशी अहवालाने तिथल्या मूठभरांच्या सत्तेवर बोट ठेवले आणि वेगवेगळ्या व्यवसायांनी एकत्र शिकावे अशी शिफारस केली. म्हणजे एकत्र शिक्षणाची मागणी मुलांच्या मृत्यूंतून आली आहे. ती सौजन्य सप्ताहातून आलेली नाही.

तिसरे उत्तर मात्र मला गंभीरपणे घ्यावेसे वाटते. 'नर्सेस तरी कुठे चांगल्या वागतात? बाळंतिणीला त्याच ओरडतात, थापडाही मारतात.' खरे आहे. लेबर रूममध्ये 'तेव्हा बरं वाटलं होतं, आता का ओरडतेस?' हे वाक्य आपल्यापैकी अनेकींनी स्वतः ऐकले आहे. गरीब, दलित, मुसलमान, आदिवासी बाईच्या वाट्याला ते अधिक येते. डॉक्टर सिस्टरवर ओरडतो, सिस्टर आयाबाईवर, आयाबाई बाळंतिणीवर. उतरंडीत सगळ्यात खालचे मडके तेच, आणि सगळ्यांचा भार त्याच्यावर. याचे समर्थन मी करणार नाही. मी एवढेच म्हणते की हा प्रकार 'सन्मानपूर्वक मातृत्व सेवे'चे फलक लावून थांबत नाही. सरकारने २०१७ मध्ये लेबर रूम सुधारण्यासाठी 'लक्ष्य' कार्यक्रम आणला, त्यात सन्मानाची भाषा आहे. पण जिला स्वतःला सन्मानाने वागवले गेले नाही, तिला तो दुसरीला द्यायला कोण शिकवणार? म्हणून टीमची चर्चा नर्सपाशी थांबता कामा नये. ती बाळंतिणीपर्यंत जायला हवी.

आणि आशाताईपर्यंतही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, तेव्हापासून गावातल्या बाईला रुग्णालयात घेऊन येते ती आशा. हिला मागच्या खेपेला झटके आले होते, हिचा नवरा मारतो, हिच्या घरात खायला नाही, हे सगळे तिला ठाऊक असते. रात्री जीपमधून बाईला आणले की तिला दाराबाहेर बसायला सांगतात. तिच्याजवळची माहिती केसपेपरवर येत नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पण कर्मचारी म्हणून पगार द्यायची वेळ आली की त्या 'स्वयंसेविका' ठरतात. नर्सेसचेही तेच. २०२० मध्ये टाळ्या-थाळ्या वाजल्या. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्सेसना कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर जावे लागले. जिला उद्याची नोकरी असेल की नाही हे माहीत नाही, ती टीममध्ये 'सर, हे चूक आहे' असे कशाच्या जोरावर म्हणेल?

हे होऊ शकते

हे सगळे स्वप्नरंजन आहे, असे म्हणणाऱ्यांना मी महाराष्ट्रातलीच उदाहरणे देईन.

१९७० मध्ये डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर बायकांना, त्यात दलित बायकाही होत्या, त्यांनी ग्राम आरोग्यसेविका म्हणून तयार केले. वजन, बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग. त्या नियमाने केंद्रावर येत, गावात काय घडले ते सांगत, एकमेकींकडून शिकत. पुढे जगभरातून आलेल्या शिकाऊ लोकांना या बायकाच शिकवू लागल्या. पदवीधर माणूस जमिनीवर बसून निरक्षर बाईकडून शिकतो, हे ज्या प्रशिक्षणात घडते त्याला मी टीम शिक्षण म्हणेन.

दुसरे उदाहरण आपल्या चळवळीच्या अगदी जवळचे. जळालेली, विष प्यायलेली, 'जिन्यावरून पडलेली' बाई कॅज्युअल्टीत येते. डॉक्टर जखम शिवतो आणि केसपेपरवर अपघात लिहितो. खरे काय झाले ते ती कोणाला सांगते? पहाटे तीनला उशी सरळ करणाऱ्या सिस्टरला. अंग पुसणाऱ्या मावशीला. २००० साली मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले ते हे ओळखून. बाईवरचा अत्याचार हा आरोग्याचा प्रश्न आहे हे मानून समुपदेशन रुग्णालयातच आणले. डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचारी यांना खुणा ओळखायचे, विचारायचे, पुढे पाठवायचे प्रशिक्षण दिले. पुढे हे केंद्र मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही गेले. बाईने कोणापाशी तोंड उघडले आणि तो शब्द डॉक्टरपर्यंत, पोलिसांपर्यंत, न्यायालयापर्यंत पोचला की वाटेत विरला, यावर तिचा खटला उभा राहतो किंवा कोसळतो. सिस्टरच्या शब्दाला वजन नसेल, तर त्या बाईच्या शब्दालाही नाही. आपल्या संघटनांनी या प्रश्नात का पडायचे, याचे उत्तर मला वाटते एवढे पुरे आहे.

वजन देता येते, हे सर्वोच्च न्यायालयानेही दाखवले आहे. अरुणा शानबाग यांच्या बाबतीत २०११ मध्ये निर्णय देताना, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. निकालाविषयी आपल्यात मतभेद असतील. पण जी अंग पुसते, भरवते, कूस बदलते, तिला त्या माणसाविषयी काहीतरी कळते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. वॉर्डातल्या राउंडला ते अजून मान्य नाही.

आमच्या मागण्या

नुसत्या टीकेने भागणार नाही. म्हणून काही ठोस मागण्या मांडते.

१. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने ठरावीक दिवस वॉर्ड सिस्टरच्या हाताखाली काम करावे : खाट लावणे, भरवणे, चार्ज देणे-घेणे. पाहुणा म्हणून नाही. तिच्या सहीशिवाय पुढच्या वर्षात जाता येऊ नये.

२. मेडिकलच्या वर्गांवर अनुभवी नर्स, फिजिओथेरपिस्ट, समाजसेविका यांना शिक्षक म्हणून नेमावे. तास वेळापत्रकात असावेत आणि मानधन डॉक्टर व्याख्यात्याइतकेच असावे. इंटर्नच्या मूल्यमापनात वॉर्डातल्या नर्सचे गुण असावेत.

३. मेडिकल, नर्सिंग, एएनएम आणि तंत्रज्ञ विद्यार्थ्यांच्या मिश्र गटाने एकाच रुग्णाची केस मिळून मांडावी. मांडणीची सुरुवात दर वेळी डॉक्टरच्या विद्यार्थ्याने करू नये.

४. नर्सने किंवा नर्सिंगच्या विद्यार्थिनीने धोक्याची सूचना दिली की किती वेळात कोणी येऊन पाहायचे, आणि नाही आले तर तिने थेट कोणाला कळवायचे, हे लेखी ठरवावे. कळवल्याबद्दल तिच्यावर कारवाई होऊ नये.

५. आशाने आणलेल्या माहितीसाठी केसपेपरवर जागा असावी, आणि बाईची इच्छा असेल तर आशाला लेबर रूममध्ये तिच्याजवळ थांबू द्यावे.

६. आयाबाई आणि सफाई कामगार यांना प्रशिक्षणात शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या अशा दोन्ही नात्यांनी घ्यावे. जंतुसंसर्गाविषयी बोलताना कचरा उचलणाऱ्या बाईला वगळणारी टीम आम्हाला मान्य नाही.

७. कंत्राटी भरती बंद करावी. ही मागणी शिक्षणाबाहेरची आहे, असे कोणी म्हणू नये.

संघटनांनी काय करावे? आपल्या जिल्ह्यात मेडिकल किंवा नर्सिंग कॉलेज असेल तर तिथे जाऊन विचारा : टीमचा पाठ कोण घेते? त्या वर्गात कोण कोण बसते? २००७ पासून राज्यात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, जनसुनवाया झाल्या. जिथे अशी सुनवाई होईल तिथे मेडिकलच्या आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एका सतरंजीवर बसवून ऐकायला लावा. रुग्ण कल्याण समितीत आपली बाई असेल तर तिने बाळंतिणीचा आणि सिस्टरचा प्रश्न एकत्र मांडावा. एकीची तक्रार दुसरीविरुद्ध वापरू देऊ नये. नर्सेसच्या संघटनांनीही स्वतःला विचारावे की आयाबाई आपल्या सभेला येते का, आणि आली तर खुर्चीवर बसते का.

त्या रात्री वॉर्डात धावणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला सगळे माहीत होते : पॅड, नाडी, गर्भाशय. आम्ही तिला ते नीट शिकवले होते. तिच्या बोलण्यावर झोपेतून उठून यायला मात्र त्या डॉक्टरला कोणत्याच कॉलेजने शिकवले नव्हते. टीमचा अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी आधी हा धडा लिहावा. तो लिहिताना टेबलाभोवती एखादी वॉर्ड सिस्टर, एखादी आशा आणि सरकारी दवाखान्यात बाळंत झालेली एखादी बाई बसलेली आहे ना, हे आपण दारात उभे राहून तपासू या.